मुलाचं खोगीर: चौदा, पंधरा की सोळा इंची?

अलिबाग-नागावपासून काशीदपर्यंत आणि खाली गणपतीपुळ्याला समुद्रावर जे घोडे फिरतात, त्यांच्यावरची खोगिरं बहुतेक मोठ्या माणसाच्या मापाची असतात. धंद्याला तेच सोयीचं. एकाच खोगिरावर पाच वर्षांचं पोर बसतं आणि त्याचा बापही. मालक लगाम धरून शेजारून चालतोय, फेरी पाच-दहा मिनिटांची आहे, तोवर हे निभावतं. पण मूल आठवड्यातून दोन-तीनदा बसायला लागलं, लगाम त्याच्या हातात आला आणि घोडा दुडक्या चालीवर आला की मोठ्याचं खोगीर त्याला चुकीचं बसायला शिकवतं. ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

कोकणात आणून वापरता येतील असे चार प्रकार आम्ही इथे घेतले आहेत: किनाऱ्यावरचं दांडीवालं खोगीर, नमद्याचं बिनसांगाड्याचं पोनी पॅड, कानपुरी चामड्याचं जनरल पर्पज, म्हणजे सर्वसाधारण वापराचं, खोगीर आणि गलेट, म्हणजे पुढच्या कमानीतला धातूचा तुकडा, बदलता येणारं सिंथेटिक. कौल आधीच सांगून टाकतो. रोज समुद्रकाठी वापर असेल तर सिंथेटिक, आणि आतल्या गावात, कोरड्या खोलीत ठेवायची सोय असेल तर कानपुरी. मात्र चुकीच्या मापाच्या महागड्या सिंथेटिकपेक्षा बरोबर मापाचं जुनं चामड्याचं खोगीर केव्हाही बरं. म्हणून माप आधी, प्रकार नंतर.

मूल कसं मोजायचं

इंग्रजी पद्धतीच्या खोगिराच्या पुढच्या कमानीला, म्हणजे पॉमेलला, दोन्ही बाजूंनी एकेक गोल खिळा असतो. त्यातल्या एका खिळ्यापासून मागच्या उंच काठाच्या, म्हणजे कँटलच्या, बरोबर मध्यापर्यंत टेप सरळ ताणायचा. बैठकीच्या खोलात तो दाबायचा नाही. इंचांत जे येईल ते बैठकीचं माप. काही विक्रेते खिळा सोडून पॉमेलच्या मध्यापासून मोजतात आणि मग सांगितलेलं माप आणि हातात आलेलं माप जुळत नाही. कुरियरने मागवणार असाल तर टेप खिळ्यावर टेकलेला दिसेल असा फोटो आधी मागवा. नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा.

वेस्टर्न खोगीर, म्हणजे पुढे शिंगासारखा खुंट असलेलं, वेगळ्या पद्धतीने मोजतात: खुंटाच्या बुंध्याकडून कँटलपर्यंत. त्यामुळे त्याचा आकडा इंग्रजीपेक्षा साधारण दोन इंचांनी लहान निघतो. वेस्टर्नचं तेरा म्हणजे इंग्रजीचं पंधराच्या आसपास. हे ठाऊक नसलं की जाहिरातीतला ‘१३ इंची, मुलांसाठी’ हा मजकूर वाचून भलतंच काहीतरी घरी येतं.

मुलाचं माप वयावरून काढू नका आणि नुसत्या उंचीवरूनही नको. मांडी मोजा. मुलाला लाकडी खुर्चीवर किंवा पाटावर पाठ आणि ढुंगण भिंतीला टेकवून बसवा, पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघा काटकोनात. पाटावर बसवलंत तर पाट इतका उंच हवा की गुडघे वर येणार नाहीत. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत टेप धरा. हे अंतर साडेसोळा इंचांपर्यंत असेल तर १५ इंची खोगीर, साडेसोळा ते साडेअठरा असेल तर १६, साडेअठरा ते वीस असेल तर साडेसोळा आणि वीस ते साडेएकवीस असेल तर १७. हा तक्ता सगळीकडे थोड्याफार फरकाने चालतो. चौदा-साडेचौदा इंचांच्या खालची मांडी, म्हणजे साधारण सहा वर्षांच्या आतलं मूल, १२ ते १४ इंचांत बसतं. पण त्या वयात आकड्यापेक्षा प्रत्यक्ष बसवून बघणं जास्त कामाचं.

बसवून बघताना खोगीर घोड्यावर नीट आवळलेलं हवं. दुकानातल्या स्टँडवर काहीच कळत नाही. मूल बैठकीच्या सर्वांत खोल जागी बसलेलं, पाय रिकिबीत. मागे कँटलपर्यंत तुमचा हात आडवा घाला: चार बोटं मावली पाहिजेत. पुढे पॉमेलपर्यंतही साधारण तेवढीच. मग बाजूने पाहा. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात आहेत का? खोगिराच्या दोन्ही बाजूंना मुलाच्या पायाखाली जो रुंद पडदा लोंबतो तो फ्लॅप. गुडघा त्याच्या पुढच्या फुगवट्याच्या, म्हणजे नी-रोलच्या, मागे टेकतोय का? गुडघा फ्लॅपच्या पुढे डोकावत असेल तर खोगीर लहान आहे किंवा रिकीब फार आखूड बांधली आहे. आधी रिकीब एक भोक सोडून बघा, मगच खोगिराला नावं ठेवा.

फ्लॅपच्या लांबीकडे फारसं कोणी पाहत नाही, आणि मुलांच्या बाबतीत घोळ तिथेच होतो. पंधरा इंची बैठकीला काही वेळा मोठ्या माणसाचा लांब फ्लॅप लावलेला असतो. मुलाची पोटरी त्या फ्लॅपच्या खाली पोचतच नाही. ते टाच मारतं ती चामड्यावर, घोड्याला काही लागत नाही. घोडा हलत नाही म्हणून मूल आणखी जोरात मारतं, आणि बघणारा म्हणतो घोडा आळशी आहे. मुलाची टाच फ्लॅपच्या काठाखाली निदान चार-पाच बोटं उतरली पाहिजे.

आता ‘वाढत्या अंगाचं’ घेण्याबद्दल. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरावा म्हणून खालची शिवण दुमडून शिवतात. खोगिराला दुमड नसते. दहा वर्षांच्या मुलाची उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते, त्यातला मांडीचा वाटा साधारण दोन सेंटिमीटर. म्हणजे बरोबर मापाचं खोगीर तसंही दीड-दोन वर्षं जातं. दोन मापांच्या मध्ये मूल असेल तर वरचं माप घ्या, तेही अर्ध्या इंचाने. पंधरा इंची मापाच्या मुलाला सतरा इंची घेतलं की काय होतं ते घोड्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच दिसतं. मूल घसरत घसरत मागे कँटलला टेकतं, रिकिबीचे पट्टे तर पुढे लटकलेले, त्यामुळे पाय पुढे जातात आणि ते खुर्चीत बसल्यासारखं दिसायला लागतं. तोल सांभाळायला लगाम ओढतं. घोड्याच्या तोंडाला हिसके बसतात आणि मुलाचं वजन घोड्याच्या कमरेकडे सरकतं, जिथे खाली बरगड्यांचा आधार नाही.

लहान खोगिराचं उलटं. मूल पॉमेल आणि कँटलच्या चिमट्यात अडकतं, दुडकीवर दर उडीला पुढे आपटतं आणि ‘दुखतंय’ म्हणतं. मुलं नेमकं कुठे दुखतंय ते लाजेने सांगत नाहीत. घोड्यावर बसायचा कंटाळा अचानक यायला लागला तर आधी माप बघा.

खोगिराचं पहिलं गिऱ्हाईक घोडा

मुलाला बसलं पण घोड्याला बसलं नाही, तर ते खोगीर फुकट मिळालं तरी घेऊ नये. कोकणात मुलांना मिळणारे घोडे म्हणजे बहुधा बारा-तेरा हातांची तट्टं. हात म्हणजे चार इंच, आणि उंची विदर्सपर्यंत मोजायची, म्हणजे मानेच्या मुळाशी दोन खांद्यांमधला जो उंचवटा असतो तिथपर्यंत. शिवाय मारवाडी-काठियावाडी रक्ताचे उंच घोडे. दोन्हींची पाठ वेगळी. मारवाडी-काठियावाडीचा विदर्स उंच आणि अरुंद, खोगिराला अरुंद ट्री लागते. खाऊन-पिऊन सुखी तट्टू असेल तर पाठ गोल, विदर्स सपाट, तिथे रुंद ट्री आणि तरीही खोगीर गरगर फिरायला बघतं. ट्री म्हणजे खोगिराच्या आतला सांगाडा. चामडं, कापूस, रंग सगळं बदलता येतं, पण साध्या खोगिराची ट्री बदलत नाही.

माप घ्यायला दर्जीच्या किंवा ड्रॉइंगवाल्याच्या दुकानात मिळणारी वाकवली तशी राहणारी लवचीक पट्टी आणा, नाहीतर जाड पण हाताने वाकणारी तार. घोडा सपाट जमिनीवर चारी पायांवर सरळ उभा करा. भुसभुशीत वाळूत नको. खांद्याच्या फऱ्याच्या मागचा काठ चाचपून त्याच्या तीन बोटं मागे पट्टी विदर्सवरून आडवी बसवा, दोन्ही बाजूंनी अंगाला चिकटवा, अलगद उचला आणि पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने रेघ मारा. पुठ्ठा कापून घोड्यावर पुन्हा लावून बघा. हा पुठ्ठा खोगिराच्या कमानीत धरला की ट्री अरुंद, मध्यम की रुंद हे दुकानातच कळतं. मुंबईहून आणणार असाल तर घोडा काही मांडव्याच्या रो-रो बोटीने नेता येणार नाही, पुठ्ठा नेता येतो.

घोड्यावर खोगीर ठेवताना आधी विदर्सवर थोडं पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवा. ते जिथे आपोआप थांबतं ती त्याची जागा. पुढे फऱ्याची हाडं मोकळी राहिली पाहिजेत. मागची मर्यादा शेवटची बरगडी. पोटाच्या बाजूने शेवटची बरगडी चाचपा, तिच्या वळणाबरोबर बोट पाठीच्या कण्याकडे न्या. खोगिराच्या खालची, घोड्याच्या पाठीवर टेकणारी गादी त्या रेषेच्या मागे जाता कामा नये. लहान तट्टाची पाठ इतकी आखूड असते की सतरा इंची खोगीर हटकून कमरेवर जातं. मोठ्याचं खोगीर तट्टावर टाकण्याला आमचा विरोध आहे तो मुलाइतकाच यासाठी.

मग मुलाला बसवून कमान आणि विदर्स यांच्यामध्ये उभी बोटं घाला: दोन ते तीन मावली पाहिजेत. वजन नसताना चार मावून उपयोग नाही. दोन गाद्यांमधली फट, तिलाही गलेटच म्हणतात, पुढून मागपर्यंत तीन बोटं रुंद हवी, म्हणजे कणा मोकळा राहतो. शेवटी गादीखाली तळहात सरकवत पुढून मागे न्या. मध्येच हात सैल पडला आणि पुढे-मागे घट्ट लागला तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे. अशा खोगिराखाली चार ठिकाणी पाठ सोलवटते.

यावर किनाऱ्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे खाली आणखी एक गोधडी. ट्री अरुंद असताना जाड गोधडी घातली की ती आणखी अरुंद होते, चिमटा वाढतो. खोगीर रुंद असेल तर एक चांगला नमदा थोडा आधार देतो, तोही तात्पुरता. घोडा विकत किंवा भाड्याने घेताना विदर्सच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का पाहा. गडद रंगाच्या घोड्यावर ते लगेच उठून दिसतात. ती जन्मखूण असेल असं समजू नका. तिथे कधीतरी खोगिराने इतका दाब दिला की केसांचा रंग गेला. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे गाडी ओढणाऱ्या आणि एरवी पाठीवर माणसं घेणाऱ्या घोड्यांवर असे डाग दिसले तर गाडीच्या साजाचे कुठले आणि खोगिराचे कुठले हे मालकाला विचारून घ्या.

चारही प्रकार

किनाऱ्यावरचं दांडीवालं खोगीर. लोखंडी कमान, वर रेक्झिन, खाली गोधड्या, पुढे धरायला वेल्डिंग केलेली दांडी. जमेची बाजू एकच: मुलाला काहीतरी घट्ट धरता येतं. पण बैठक सपाट, त्यामुळे मूल मध्यावर राहत नाही. घोडा ठेचकाळला की दांडी पोटात किंवा छातीत. रिकिबी मोठ्याच्या मापाच्या, म्हणून मुलाचे पाय पट्ट्याच्या वेढ्यात खुपसतात. हे तर मुळीच करू नका. पाय पट्ट्यात अडकून मूल पडलं तर तो सुटत नाही. या खोगिरावर बाप मागे आणि मूल पुढे असे दोघे बसतात तेव्हा बापाचं सगळं वजन कँटलच्या मागे घोड्याच्या कमरेवर असतं. पाच मिनिटांच्या फेरीला, मूल एकटं आणि मालक लगामाशी असेल तर ठीक. शिकण्यासाठी नाही.

पोनी पॅड. जाड नमदा किंवा फोम, वर कापड, पुढे पकडायला पट्टा, आत सांगाडा नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे छान, कारण मापाचा प्रश्नच राहत नाही आणि घोड्याच्या अंगाची हालचाल मुलाला कळते. पण एका माणसाने लगाम धरायचा आणि दुसऱ्याने मुलाच्या गुडघ्याशी चालायचं, ही अट. काही पॅडना रिकिबी लावून देतात. त्या काढून टाका. सांगाडा नसल्याने मूल रिकिबीवर उभं राहिलं की सगळा भार दोन पट्ट्यांच्या जागी घोड्याच्या पाठीवर येतो आणि एका पायावर जोर दिला की पॅड पोटाखाली फिरतं. पाच-सहा वर्षांपुढे या पॅडवर पैसे घालू नयेत.

कानपुरी चामड्याचं. कानपूर हे आपल्याकडचं खोगिरांचं मोठं केंद्र. तिथली खोगिरं परदेशात जातात आणि ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून कानपूरचं आहे एवढ्यावर डोळे मिटून घ्यायचं असं नाही, कारण एकाच गल्लीत उत्तम माल आणि निव्वळ खोगीरभरती शेजारी शेजारी मिळते. १४ ते १६ इंचांत जनरल पर्पज खोगीर मागा. त्यात फ्लॅप मध्यम पुढे असतो, मुलाला शिकायला तोच बरा. निव्वळ जंपिंगचं किंवा ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या कवायतीचं, नको. हातात आलं की चार गोष्टी बघा. एक, खोगीर उलटं करून दोन्ही गाद्या सारख्या भरल्यात का: मागून डोळ्याच्या रेषेत धरलं की डावी-उजवी लगेच कळते. दोन, पॉमेल मांडीला टेकवून कँटल आपल्याकडे ओढा. थोडी लवचीकता चालेल, पण करकर आवाज आला किंवा बैठकीला मध्येच आडवी सुरकुती पडली तर ट्री मोडलेली आहे. तीन, कमानीचे दोन्ही हात आत-बाहेर दाबून बघा, ते हलता कामा नयेत. चार, तंगाचे, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याचे, वरचे पट्टे जिथे कापडी पट्टीला शिवलेत ती शिवण. हा तिसरा-चौथा भाग नव्या मालातही तपासा. सेकंडहँडमध्ये तर आधी हेच.

चामड्याची बैठक मुलाला धरून ठेवते, गादी उसवून लोकर कमी-जास्त करता येते, नीट राखलं तर दुसऱ्या-तिसऱ्या पोराला जातं. कोकणात त्याचे शत्रू तीन: दमट हवा, मीठ आणि वाळू. त्याबद्दल खाली.

सिंथेटिक, गलेट बदलणारं. ऑस्ट्रेलियाचं विंटेक हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. त्यांच्या इझी-चेंज पद्धतीत कमानीचा धातूचा भाग रंगावरून ओळखता येतो: पिवळा अरुंद, हिरवा मध्यम-अरुंद, काळा मध्यम, निळा मध्यम-रुंद, लाल रुंद आणि पांढरा त्याहून रुंद. स्क्रू काढून तुकडा बदलायचा, काम घरी होतं. एका मुलाला दोन वेगवेगळ्या घोड्यांवर बसायचं असेल, किंवा घोडाच पावसाळ्यानंतर बदललेला असेल, तर ही सोय फार मोलाची. वजनाला हलकं, दहा-अकरा वर्षांचं मूल स्वतः उचलून घोड्यावर ठेवतं. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं, सावलीत वाळवलं की झालं.

उणिवाही आहेत. बाहेरून मागवलं तर कानपुरीच्या कितीतरी पट पडतं. वेल्क्रोमध्ये वाळू बसते आणि काही महिन्यांत ते धरेनासं होतं, जुन्या टूथब्रशने दर आठवड्याला काढावी लागते. गलेटचे स्क्रू मीठ खाऊन गच्च होतात. ग्रीसचं बोट लावून ठेवलं नाही तर बदलायच्या वेळी डोकं झिजतं आणि मग ती बदलण्याची सोय नावापुरतीच उरते. बैठक लांबीला बदलत नाही हेही लक्षात ठेवा. गलेट घोड्याच्या रुंदीसाठी आहे, मुलाच्या वाढीसाठी नाही. ‘ॲडजस्टेबल, पाच ते पंधरा वर्षं’ असं कोणी सांगत असेल तर त्याला खोगीर कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याला वाटतं. पाच वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल एका बैठकीत बसत नाहीत.

रिकीब आणि तंग

खोगिरात पैसे कमी पडत असतील तर खोगीर जुनं घ्या, पण रिकीब आणि तंग नवे. रिकिबीची रुंदी मुलाच्या बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा एक इंच जास्त हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच. अरुंद रिकिबीत पाऊल अडकतं. फार रुंद रिकिबीत ते आरपार घुसतं, आणि आरपार गेलेलं पाऊल जास्त धोक्याचं. मुलांना साधारण चार-सव्वाचार इंची लागते, मोठ्यांची पावणेपाचच्या आसपास असते. मोजताना जे बूट घालून बसणार तेच घाला. टाच असलेला, तळ गुळगुळीत असलेला बूट हवा, टाच सुमारे एक इंच. समुद्रावर चप्पल घालून किंवा अनवाणी बसायची पद्धत आहे, तिला रिकीब जबाबदार नाही, पण पाऊल आरपार जातं ते चपलेतलंच.

मुलांसाठी एका बाजूला रबराचं कडं असलेली सेफ्टी रिकीब घ्या. रबर बाहेरच्या बाजूला, घोड्याच्या अंगाकडे नाही. दोन्ही रिकिबी उलट्या लावलेल्या आम्ही पुष्कळ बघतो आणि मग त्या रबराचा काहीच फायदा नसतो. मूल पडलं तर रबर सुटून पाय मोकळा होतो. उन्हाने आणि खाऱ्या हवेने ते रबर तडकतं, दर महिन्याला ताणून बघा, एक जोडी जास्तीची ठेवा. ही रिकीब जड माणसाने वापरू नये, उघड्या बाजूमुळे दांडा वाकतो. धातू स्टेनलेस स्टीलच घ्या. निकेलचा मुलामा किनाऱ्यावर एका पावसाळ्यात सोलतो आणि खाली गंज दिसतो.

खोगिराच्या ज्या पट्टीवर रिकिबीचा पट्टा अडकतो, तिच्या टोकाला एक वर-खाली होणारा छोटा खटका असतो. तो मूल बसलेलं असताना कायम खाली, म्हणजे उघडा. कोणी ‘पट्टा निसटू नये’ म्हणून वर करून ठेवतं. निसटावा म्हणूनच ती रचना आहे. पट्ट्याची लांबी खालून काढा: मुलाने बोटांची टोकं त्या पट्टीला टेकवली की रिकिबीचा तळ काखेत यावा. लांब पट्ट्याला गाठी मारून आखूड करू नका, मुलांच्या मापाचा ३६ ते ४२ इंची पट्टा वेगळा मिळतो.

तंगाचं माप तट्टाला साधारण ३६ ते ४४ इंच, मोठ्या घोड्याला ४६ ते ५४. आवळल्यावर दोन्ही बाजूंना वर निदान दोन भोकं शिल्लक हवीत. कोपराच्या मागे चार बोटांवर तंग बसावा. खोगिराला तीन पट्टे असतील तर पहिला नेहमी वापरा आणि त्याच्याबरोबर दुसरा किंवा तिसरा. दुसरा आणि तिसरा बहुधा एकाच कापडी पट्टीवर शिवलेले असतात. ती तुटली की दोन्ही जातात. पहिला वेगळ्या पट्टीवर असतो म्हणून तो हवाच. एका दमात आवळू नका. घोडा पोट फुगवतो, पाच मिनिटं चालवून पुन्हा एक-दोन भोकं घ्या, मग पुढचे दोन्ही पाय एकेक करून उचलून पुढे ओढा म्हणजे तंगाखालची कातडी सरळ होते. नायलॉनचा अरुंद तंग समुद्रावर वापरू नका. ओली वाळू त्यात बसते आणि सँडपेपर होतो. कापसाचा किंवा निओप्रीनचा रुंद तंग बरा, रोज धुवा. गोल तट्टावर खोगीर पुढे सरकत असेल तर दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, लावा, पण आधी ट्री फार रुंद नाही ना ते पाहा.

पुढच्या दोन डी-कड्यांना एक चामडी पट्टा बांधून ठेवा. मूल घाबरलं की ते त्याला धरेल, लगामाला नाही. दांडीवाल्या खोगिराचा एकमेव फायदा असा दहा मिनिटांच्या कामात मिळतो. डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट हवं, आत सुरक्षा मानकाऐवजी नुसता कंपनीचा स्टिकर असलेलं नको. युरोपचं ‘ईएन १३८४’ (EN 1384) किंवा अमेरिकेचं ‘एएसटीएम एफ११६३’ (ASTM F1163) असा मानकाचा उल्लेख शोधा. सायकलचं हेल्मेट या कामाला चालत नाही, मागचा आणि कानांजवळचा भाग त्यात उघडा राहतो.

घरी आल्यावर आणि पावसाळ्यात

परत करण्याची मुदत किती, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. बसवून बघताना गादीखाली पातळ स्वच्छ सुती कापड घाला, रिकिबीच्या पट्ट्यांना जुने मोजे चढवा, म्हणजे फ्लॅपवर वळ उठत नाहीत आणि दुकानदाराला माल परत न घ्यायला निमित्त राहत नाही. अर्धा तास चालवून कापड काढा आणि पाठ पाहा. दोन्ही बाजूंना घामाचा ओला ठसा सारखा, मध्ये कण्यावर कोरडी पट्टी, असं हवं. ओल्या ठशात मध्येच तळहाताएवढी कोरडी जागा म्हणजे तिथे दाब इतका की घाम सुटला नाही. कोकणातल्या हवेत घोडा तसाही घामेजतो, त्यामुळे हा कोरडा ठिपका इथे लवकर आणि स्पष्ट दिसतो.

चामड्याला बुरशी धरते ती पावसात भिजून जितकी, त्याहून जास्त बंद खोलीत. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात चार महिने खोगीर प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं तर दसऱ्याला ते हिरवं निघणार. लाकडी गोल स्टँडवर, भिंतीपासून सुटं, वर जुनी सुती चादर, दर आठ-दहा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसणं. बुरशी आलीच तर घराबाहेर ओल्या कपड्याने काढा, मग सॅडल सोप, मग सावलीत वारा. चुलीजवळ किंवा उन्हात नाही, चामडं तडकतं. तेल वर्षातून एक-दोनदा, पातळ हाताने. जास्त तेलाने तंगाचे आणि रिकिबीचे पट्टे सैल होऊन लांबतात, डावा-उजवा वेगळा लांबतो, आणि मूल एका बाजूला कलायला लागतं. डाव्या बाजूने चढत असल्याने डावा पट्टा तसाही लवकर ताणतो. दर महिन्याला दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल करा.

जूनमध्ये समुद्रावरचं काम थांबतं आणि घोडा तीन-चार महिने उभा राहतो. ओला चारा खाऊन काही घोडे गोल होतात, काहींच्या पाठीवरचं मांस उतरतं आणि विदर्स वर येतो. मे महिन्यात बरोबर बसलेलं खोगीर दिवाळीच्या गर्दीत बसेलच असं नाही. मूलही तेवढ्यात सेंटिमीटरभर वाढलेलं असतं. पुठ्ठा पुन्हा लावून बघा, मांडी पुन्हा मोजा. सिंथेटिक असेल तर गलेटचा तुकडा बदलायचा. कानपुरी असेल तर गादी उसवून लोकर भरून घ्यायची, आणि ते काम खोगीर शिवणाऱ्याचंच. गावातल्या गादीवाल्याकडे दिलंत तर तो कापूस भरेल, आणि कापसाच्या गाठी होतात.